अबार्थ पुंटो, तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग : इंजेक्टरच खराब आहे हे ठरवायचं कसं? (बेळगाव)

शहापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी फियाटची अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट (टर्बो पेट्रोल), १४५ पीएसवाली, २०१६ ची. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) केलेला नाही, सगळं कंपनीचंच आहे. जुलै-ऑगस्टात ती बहुतेक शेडमध्येच उभी असते, कारण पावसात चोर्ल्याच्या रस्त्याची काय दशा होते ते इथल्या लोकांना सांगायला नको. गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली, तेव्हापासून बिघडलीय.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. सुरू झाली की मिनिटभर अख्खी गाडी थरथरते. गरम झाल्यावर आयडल बऱ्यापैकी लागतं, पण तिसऱ्या गिअरला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) भरताना मिस मारते आणि इंजिन लाईट लुकलुकते. वंटमुरी घाट चढताना तर स्पष्ट कळतं. माझ्याकडच्या ब्लूटूथ स्कॅनरवर दोन कोड दिसतात, पी ०३०३ (तीनचं मिसिंग) आणि पी ०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी). लाँग टर्म फ्युएल ट्रिम +१३ आहे.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि ‘चारही इंजेक्टर नवीन टाका’ म्हणाले. फियाटने आपल्याकडे गाड्या विकणं बंद करून बरीच वर्षं झालीत, पार्ट मिळवायचे म्हणजे पुण्या-मुंबईत शोधाशोध. खर्च करायची तयारी आहे, पण इंजेक्टरच गेलाय हे आधी सिद्ध व्हायला पाहिजे. कसं करावं?

निपाणीकर

लाईट नुसती पेटलेली असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकते म्हणजे न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो तापतोय. पहिलं काम, गाडी बूस्टमध्ये चालवणं बंद करा. माझी लिनिया टी-जेट आहे, हेच इंजिन, म्हणून कळकळीनं सांगतोय. प्लग, कॉईल बघितले का?

शहापूरकर

प्लग चारही नवीन टाकले, फरक नाही. कॉईल अजून हलवून बघितलेला नाही.

उद्यमबागवाला

शहापूरकर, क्रम चुकवू नका, निम्मं काम त्यातच आहे.

पी ०३०३ एवढंच सांगतो की तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. का होत नाही, ते सांगत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही किंवा कॉम्प्रेशन नाही, या तिघांपैकी एक. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल आहे, त्यामुळं तपासणी फुकटात होते. तीनचा कॉईल काढून दोनवर घाला, दोनचा तीनवर. कोड पुसा, गाडी तशीच थंड होऊ द्या आणि सकाळी परत सुरू करा. मिसिंग दोनवर गेलं तर कॉईल मेला. तीनवरच राहिलं तर कॉईल सुटला. कॉईल आणि इंजेक्टर एकाच वेळी हलवायचे नाहीत. दोन्ही एकदम हलवले आणि मिसिंग सरकलं, तर कशामुळं सरकलं हे देवालाच ठाऊक.

इंजेक्टरकडे जायच्या आधी कॉम्प्रेशन बघून घ्या. सगळीकडे गेज असतो. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं.

मग मल्टिमीटर. इंजेक्टरचा कपलर (वायरचा जोड) काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघा. पोर्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम येतो. चारही सारखे असले म्हणजे इंजेक्टरच्या आतली गुंडाळी शाबूत आहे. पण गुंडाळी शाबूत म्हणजे इंजेक्टर चांगला असं अजिबात नाही, तोंड चोंदलं असेल तर मीटरला काय कळणार? आता कपलरची बाजू. एका तारेवर इग्निशन ऑन केल्यावर बॅटरीचा सप्लाय कायम असतो, दुसरीला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अर्थ देतो आणि तेवढ्या क्षणापुरता इंजेक्टर उघडतो. नॉइड लाईट (सिग्नल तपासायचा छोटा दिवा) मिळाली तर कपलरमध्ये लावून सेल्फ मारा, लुकलुकली की ईसीयू आणि वायरिंग ठीक. सर्किट तुटलं असेल तर बहुतेक वेळा पी ०२०३ (तीनच्या इंजेक्टरच्या सर्किटचा कोड) पण येतो. तुमच्याकडे आलेला नाही, म्हणून माझा अंदाज तारेपेक्षा तोंडावर जास्त आहे. तरीही कपलरमध्ये हिरवट गंज दिसतो का बघा, पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांना तो धरतो.

शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावा. चालत्या इंजिनावर टिक-टिक आवाज यायला पाहिजे, चारही सारखा. सैल बाही आणि गळ्यातला टॉवेल बेल्टपासून लांब ठेवा.

शहापूरकर

दादा, सगळं केलं. कॉईल दोन-तीन अदलाबदल केला, सकाळी परत पी ०३०३ च आला. कॉम्प्रेशन चारही जवळजवळ सारखं. रेझिस्टन्स चारही १४ ओहमच्या आसपास. कपलर स्वच्छ. आवाज चारही येतो, तीनचा किंचित दबलेला वाटला, पण तो मनाचा खेळही असेल. आता ट्रिम +१३ चं समजावून सांगा की.

उद्यमबागवाला

सांगतो, कारण टर्बो गाडीत नेमका इथंच धोका आहे आणि लोक दुर्लक्ष करतात.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र वास घेतो. कोणता सिलिंडर उपाशी आहे हे त्याला वेगळं कळत नाही. पंगतीत चौघं बसलेत, एकाच्या ताटात कमी पडतंय, आणि वाढप्याला फक्त ‘कमी पडतंय’ एवढंच ऐकू येतंय. तो काय करणार? चौघांच्याही ताटात थोडं थोडं जास्त टाकत जातो. +१३ म्हणजे ईसीयू सगळ्या सिलिंडरना तेरा टक्के जास्त पेट्रोल द्यायला लागलाय. यात तीन सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त) चालतात, आणि जो उपाशी आहे तो वाढवूनसुद्धा लीनच राहतो.

आयडलला याचा त्रास म्हणजे थरथर, बाकी काही नाही. पण बूस्टमध्ये? टर्बोच्या इंजिनाला पूर्ण दाबावर मुद्दाम जादा पेट्रोल दिलं जातं. ते जादा पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड ठेवतं. ते मिळालं नाही की नॉकिंग (मिश्रण अवेळी, आपोआप पेटणं), आणि नॉकिंग चालू राहिलं की पिस्टनची कड वितळते किंवा रिंगची पट्टी तुटते. नॉक सेन्सर टायमिंग मागं घेऊन थोडं सांभाळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. निपाणीकरांनी सांगितलं ते म्हणूनच बरोबर, इंजेक्टर दुरुस्त होईपर्यंत गाडी बूस्टच्या खालीच ठेवा.

ट्रिम दोन ठिकाणी बघायचा. आयडलला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला नॉर्मल झाला, तर हवा चोरून आत येतेय, व्हॅक्यूमचे पाइप बघा. लोड वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही : पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. पंप किंवा फिल्टर असता तर चारही सिलिंडर रडले असते. तुमचा एकटा तीन रडतोय.

चंदगडी

एवढं खोलायच्या आधी टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतून बघा की. माझ्या स्विफ्टला फरक पडला होता.

उद्यमबागवाला

चंदगडी भाऊ, बाटलीला मी वाईट म्हणत नाही. पॉलिइथरअमाइनवाली असेल तर तोंडावरचा वार्निश ती हळूहळू धुते, आणि सगळे इंजेक्टर थोडे थोडे मळलेले असतील तर उपयोग होतो. पण एकच इंजेक्टर इतका मागं पडलाय की मिस मारतोय, तर बाटली संपेपर्यंत पिस्टनवर जुगार खेळायचा नाही. शिवाय बाटलीनं दहा टक्के सुधारणा झाली तर लाईट जाईल आणि दुखणं आतच राहील.

खानापूरकर

पेट्रोलकडे पण बघा. मी खानापूरचा, आमच्याकडे पाऊस किती ते माहीतच आहे. अर्धी टाकी भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवली की टाकीतली मोकळी हवा ओल धरते. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. आपल्या उसाच्या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, ऊस मीही लावतो. पण जुन्या गाडीची टाकी उभी ठेवताना काळजी घ्यायलाच पाहिजे. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा पण सोडवतं, आणि तो पुढं इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतो.

उद्यमबागवाला

खानापूरकरांचा मुद्दा एकदम बरोबर, आणि ट्रिमसाठी पण कामाचा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागं १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला १४.१ च्या आसपास, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे ई-१० च्या हिशेबावर बसवलेली गाडी ई-२० वर चालवली की ट्रिम साधारण पाच टक्के वर जाणारच, तो आजार नव्हे. तुमच्या तेरामधले पाच पेट्रोलचे धरले तरी आठ उरतात. ते शोधायचे.

आता शेवटची परीक्षा, इंजेक्टरची अदलाबदल. इंजिन गार असू द्या. फ्युएल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा आणि इंजिन सुरू करून बंद पडेपर्यंत चालू द्या, रेलमधला (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब उतरतो. तरीही रेलमध्ये पेट्रोल राहतंच, जोड सोडवताना भोवती फडकं गुंडाळा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि शेडमध्ये कोणी बिडी पेटवणार नाही हे बघा. रेलचे बोल्ट काढायच्या आधी इंजेक्टरच्या बुडाभोवतीची माती हवेनं उडवा, नाहीतर ती सरळ व्हॉल्व्हवर पडते. रेल इंजेक्टरांसकट सरळ वर उचलायची, वाकडी पिळायची नाही. तीनचा इंजेक्टर एकात, एकचा तीनात. ओ-रिंग नवीन, आणि बसवताना त्यावर स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा. ग्रीस लावू नका. बसवल्यावर पंपाचा रिले किंवा फ्यूज आणि बॅटरी परत लावा, इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा, पंप दाब भरेल, आणि चारही जोड टॉर्चच्या उजेडात नीट बघा. एक थेंब जरी दिसला तरी सुरू करायचं नाही.

शहापूरकर

केलं. तीनचा इंजेक्टर एकमध्ये गेला आणि सकाळी पी ०३०१ आला. स्कॅनरच्या मिसफायर काउंटरवर एकचे आकडे चढत होते, तीन शून्यावर. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. आता कुणी ‘चारही बदला’ म्हटलं तर मी कागद दाखवू शकतो.

पुढचा प्रश्न, इंजेक्टर काढून तपासायचा बेंच (मशीन) कुठं? डिझेल पंप-नोझलवाल्यांकडे गेलो, ते म्हणतात पेट्रोलचा घेत नाही.

निपाणीकर

त्यांचं बरोबर आहे. डिझेल नोझल शेकडो बारवर तपासतात, तुमचा इंजेक्टर तीन-चार बारवर चालतो. मशीन वेगळं असतं. मोटरसायकलची चांगली कामं करणाऱ्यांकडे विचारा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक नवीन बाईकला इंजेक्शन आहे, त्यामुळं अल्ट्रासोनिक टब आणि चार-सहा नळ्यांचा छोटा बेंच आता तालुक्याच्या गावातही पोचलाय. फक्त तुमच्या इंजेक्टरचा अॅडॉप्टर बसतो का ते आधी विचारा. आणि साफ करायच्या आधीचं माप घ्यायला सांगा, बरेच जण सरळ टबात टाकतात आणि नंतरचा आकडा दाखवतात.

शहापूरकर

मिळाला बेंच. निपाणीकर, तुम्ही सांगितलं तसं आधीचं माप घेतलं. समोर उभं राहून बघितलं ते लिहितो.

चार काचेच्या नळ्या, वर चार इंजेक्टर, मागं दिवा. मशीन सुरू केलं. एक, दोन, चारमधून धुक्यासारखा बारीक शंकू पडत होता, दिव्यात नीट दिसत होता. तीनमधून शंकू नाहीच. एक सरळ धार, नळीच्या एका बाजूला आपटून ओघळणारी, आणि मधेच एखादा जाड थेंब. बंद केल्यावर सगळ्यांना दाबाखाली ठेवलं, तीनच्या टोकाशी थोड्या वेळानं एक थेंब जमून लोंबत राहिला. म्हणजे कमीही देतोय आणि नीट मिटतही नाही. सकाळी सेल्फ जास्त का लागायचा ते तिथंच कळलं. रात्रभर दाब गळून जात असणार.

माप मिलीमध्ये, चौघांना सारखाच वेळ : ५२, ५१, ३८, ५३.

मग त्यांनी वरची जाळी, म्हणजे बास्केट फिल्टर, बारीक स्क्रू आत फिरवून ओढून काढली. तीनची जाळी तपकिरी चिकट्यानं भरलेली, बोटाला लावलं तर मधासारखा ओढत होता. दोन आणि चारच्या जाळ्यांवरही थोडा होता. टबात इंजेक्टर नुसते बुडवून ठेवले नाहीत, पल्स देऊन उघड-झाप चालू ठेवली होती. नंतर उलट्या बाजूनं फ्लश, नवीन जाळ्या, नवीन ओ-रिंग. परत माप : ५२, ५२, ५०, ५३. शंकू चारही सारखे. थेंब नाही.

हा फरक पुरेसा आहे का?

उद्यमबागवाला

आहे. साध्या वापराला पाच टक्क्यांच्या आत चालतं. तुमचा आता सहाच्या काठावर आहे, ५० आणि ५३, पण सरासरीपासून प्रत्येक जण तीन-चार टक्क्यांच्या आत बसतो. रिमॅप करणार असाल तर मी आणखी जवळचा जोड मागेन.

तुमच्या आकड्यांचा हिशेब बघा, किती छान जुळतोय. आधीची सरासरी साडेअठ्ठेचाळीस, निरोगी बावन्न. म्हणजे एकूण सात टक्के कमी. ई-२० चे पाच आणि हे सात, झाले जवळपास तेरा. ईसीयू खोटं बोलत नव्हता. आणि तिसऱ्याला वाढवून मिळत होतं चाळीस-एकेचाळीस, पाहिजे बावन्न. बूस्टमध्ये वीस टक्क्यांहून जास्त उपाशी. वेळेत थांबलात.

रिमॅपचा विषय निघालाच आहे तर एक. आठशे आरपीएमला दोन फेऱ्यांना दीडशे मिलिसेकंद मिळतात, त्यात इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंद उघडतो, भरपूर मोकळा वेळ. सहा हजारला तेच वीस मिलिसेकंद होतात. इंजेक्टर त्यातला ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, नाहीतर मिटायलाच फुरसत मिळत नाही. स्टेज वन (पहिल्या पायरीचा रिमॅप) करून बूस्ट वाढवला की हा आकडा वर सरकतो, आणि अशक्त इंजेक्टर असेल तर तो सगळ्यात आधी तिथं उघडा पडतो. म्हणून रिमॅपच्या आधी बेंच, नंतर नव्हे. बेळगावात सध्या जी मुलं लॅपटॉप घेऊन मॅप टाकतात, त्यांना हे विचारा. ‘बेंच रिपोर्ट दाखवा’ असं उलट तुम्हालाच म्हणणारा ट्यूनर मिळाला तर तो धरून ठेवा.

आणि टाकी? इंजेक्टर साफ केले आणि टाकी तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यानंतर हाच धागा परत वर येईल.

शहापूरकर

टाकी काढली. जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत धरलं तर तळाशी वेगळा थर दिसला, खानापूरकरांनी लिहिलं तसाच. पंपाच्या तोंडाची जाळी पण बदलली, फिल्टर बदलला.

हिंडलगेकर

धागा पहिल्यापासून वाचतेय. माझी पोलो जीटी टीएसआय, १.२. हिलाही थंड स्टार्टला थरथर आहे, कोड पी ०३०० येतो. हीच अदलाबदल मीही करून घेऊ का?

उद्यमबागवाला

ताई, नको. तुमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं आणि रेलचा दाब शंभर बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. चालू इंजिनावर तिथला नट कुणालाही सैल करू देऊ नका. त्या इंजेक्टरचा रेझिस्टन्सही फार कमी असतो, ईसीयू त्याला जास्त व्होल्टेजचा झटका मोजून देतो. इथल्या साध्या इंजेक्टरला बॅटरीच्या तारा लावून टिक वाजवून बघतात, तसं त्याला केलं तर गुंडाळी जळते. टोकाला टेफ्लॉनची सील असते, एकदा काढली की नवीन घालून ठराविक मापाच्या स्लीव्हनं दाबून बसवावी लागते. ते हत्यार असेल त्याच्याकडेच काम द्या.

पण इंजेक्टरच्या आधी मी तुमचे इनटेक व्हॉल्व्ह बघेन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळं ते धुतले जात नाहीत आणि ऑइलच्या वाफेचा कार्बन साठत जातो. थंड स्टार्टला तो कार्बन हवा अडवतो, आणि मिसिंग एका सिलिंडरला न राहता फिरतं. पी ०३०० म्हणजे तेच, ठिकाण ठरलेलं नाही. मॅनिफोल्ड काढून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघायला सांगा. कार्बन असेल तर अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीनं ब्लास्ट करून काढतात. त्याला टाकीतली बाटली चालणार नाही, बाटलीतलं क्लीनर व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. आणि प्लग, कॉईल मात्र तुमच्याही गाडीत पहिले.

हिंडलगेकर

धन्यवाद दादा. बोअरस्कोपचे फोटो काढून नवीन धागा काढते, इथं गोंधळ नको.

शहापूरकर

शेवटचा रिपोर्ट. इंजेक्टर आपापल्या जागी बसले, गळती नाही. जुना शिकलेला ट्रिम पुसून टाकला. जांबोटीपर्यंत आरामात नेली, परत आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्ट. पहिल्या सेल्फला लागली. थरथर नाही. ट्रिम +५ वर येऊन थांबलाय. मग आज चोर्ला, तिसऱ्या गिअरला पूर्ण बूस्ट, मिसफायर काउंटर चारही शून्य. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार. चार नवीन इंजेक्टरचा खर्च वाचला त्यापेक्षा पिस्टन वाचला हे मोठं.

निपाणीकर

लई भारी. माझ्या लिनियाचा ट्रिम आता +९ दाखवतोय, मिसिंग अजून नाही. रविवारी बेळगावला येणारच आहे, बेंचवाला दाखवाल का?

शहापूरकर

या की. पण गाडी शनिवारी रात्रीच इकडं आणून लावा, मुक्काम आमच्याकडे करा. निपाणीहून सकाळी चालवत आणलीत तर इंजिन गरम असेल आणि कोल्ड स्टार्टचं वाचन मिळणार नाही.